ड्रेस्डेनचा नाताळ-बाजार आणि त्यामागचे हात

नाताळच्या मौजमजेवर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. आमचे आयुष्य पगार, पाळी आणि रजा यांच्या हिशेबात गेले. पण रजेचा हिशेब मांडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. उत्सव आणि सुटी ही सख्खी भावंडे आहेत. एकाला सुटी मिळावी म्हणून दुसऱ्याला राबावे लागते, आणि एकाचा उत्सव देखणा व्हावा म्हणून दुसऱ्याचे डोळे रात्री जागतात. हे समजून घेतल्याने उत्सवाचा आनंद कमी होतो असे आम्हाला वाटत नाही. उलट तो अधिक जाणता होतो. हेच सांगण्यासाठी आम्ही आज एका जुन्या शहराचा नाताळ निवडला आहे.

जर्मनीच्या पूर्वेस, एल्ब नदीच्या काठी ड्रेस्डेन हे शहर आहे. सॅक्सनी राज्याची ही राजधानी. येथे नाताळाआधी सुमारे चार आठवडे, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला आगमनकाळ म्हणतात त्या दिवसांत, शहराच्या जुन्या चौकात मोठा बाजार भरतो. चौकाचे नाव आल्टमार्क्ट आणि बाजाराचे नाव श्ट्रीत्सेलमार्क्ट. लाकडी पालांच्या रांगा, दिव्यांच्या माळा, गरम मसालेदार द्राक्षासव, भाजलेले बदाम, खेळणी, मेणबत्त्या असा सगळा थाट असतो. मधोमध मेणबत्तीच्या लाकडी मनोऱ्याची अवाढव्य प्रतिकृती फिरत असते. तिची उंची चौदा मीटरांहून अधिक आहे, आणि तिच्या मजल्यामजल्यावर माणसाएवढ्या लाकडी बाहुल्या उभ्या आहेत.

या बाजाराची सुरुवात झाली 1434 साली. सॅक्सनीचा अधिपती फ्रीडरिख दुसरा याने नाताळच्या आदल्या दिवशी एक दिवसाचा मांसाचा बाजार भरवण्यास परवानगी दिली. त्या काळी आगमनकाळ हा उपासाचा असे. उपास सुटण्याच्या दिवशी घरोघर चांगले जेवण व्हावे, एवढाच त्यामागचा व्यवहार होता. पुढे मांसाबरोबर पाव आले, पावांबरोबर भांडी, कापड आणि खेळणी आली, आणि एका दिवसाचे महिनाभर झाले.

‘श्ट्रीत्सेल’ हे एका लांबट गोड पावाचे जुने नाव. आज त्याला श्टोलन म्हणतात. मैदा, लोणी, बेदाणे, बदाम आणि साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल घालून तो भाजतात व वर पिठीसाखरेचा जाड थर देतात. कपड्यात गुंडाळलेल्या बाळ येशूचे ते रूप, असे भाविक मानतात. पण मुळात हा पाव अगदी नीरस होता. उपासाच्या दिवसांत लोणी निषिद्ध, म्हणून तो पीठ, पाणी आणि तेल यांचाच होई. लोण्याची मोकळीक मिळावी म्हणून सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला अर्ज केला. पोप इनोसंट आठवे यांनी 1491 साली परवानगी दिली, ती दंड भरण्याच्या अटीवर. तो पैसा फ्रायबर्ग येथील मोठ्या चर्चच्या बांधकामाकडे वळला. सामान्य माणसाच्या तोंडचा लोण्याचा घासही करातून सुटला नाही, हे वाचून आम्हाला मिठावरच्या कराची आठवण झाली.

या पावाची दुसरी गोष्ट राजवाड्यातली आहे. 1730 च्या जून महिन्यात सॅक्सनीचा अधिपती ‘बलाढ्य’ ऑगस्टस याने आपले सैन्य पाहुण्यांना दाखवण्यासाठी झाइटहाइन येथे मोठी छावणी उभारली. त्या समारंभासाठी रोट्याच्या भट्टीवाल्यांकडून सुमारे अठराशे किलोचा एकच श्टोलन भाजून घेण्यात आला. तेव्हा नाताळ नव्हता आणि उपासही नव्हता, राजाची हौस होती. त्या प्रसंगाची आठवण म्हणून 1994 पासून ड्रेस्डेनमध्ये डिसेंबरात श्टोलनचा उत्सव होतो. कित्येक टनांचा पाव घोड्यांच्या गाडीवरून मिरवतात, भलामोठा सुरा चालवून कापतात आणि त्याचे तुकडे विकून येणारा पैसा सत्कार्याला देतात. या मिरवणुकीत भट्टीवाले आणि त्यांचे उमेदवार शिकाऊ आपल्या पांढऱ्या पोशाखात स्वतः चालतात. राजाची हौस गेली आणि तिच्या जागी कारागिरांचा मान आला, हा बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आज ‘ड्रेस्डेनचा श्टोलन’ हे नाव युरोपीय कायद्याने राखलेले आहे. ते शहरात व आसपासच्या ठरलेल्या भट्ट्यांनाच लावता येते, आणि पिठाच्या निम्मे तरी लोणी घालावेच लागते. ज्या लोण्यासाठी दंड भरावा लागे, तेच आता न घातले तर नाव जाते.

आता बाजारातल्या खेळण्यांकडे वळू. ही खेळणी बहुतांशी शहरात बनत नाहीत. दक्षिणेस, बोहेमियाच्या सरहद्दीवर एर्त्सगेबिर्गे नावाचे डोंगर आहेत. त्या नावाचा अर्थच ‘खनिजाचे डोंगर’ असा होतो. तेथे शतकानुशतके चांदी आणि कथील खणले गेले. हिवाळ्यात खाणकामगार उजाडण्यापूर्वी जमिनीखाली उतरे आणि अंधारल्यावर वर येई. आठवड्यात सूर्य दिसला तर रविवारी. म्हणून या मुलखात दिव्याचे अप्रूप. घरात जितके मुलगे तितके खाणकामगाराचे लाकडी पुतळे आणि जितक्या मुली तितक्या देवदूतांच्या बाहुल्या, हातात मेणबत्त्या देऊन खिडकीत मांडण्याची तेथे चाल आहे. दिव्यांची कमानही तेथलीच. तिचा 1740 सालचा लोखंडी नमुना योहानगेओर्गेनश्टाट या खाणींच्या गावचा आहे. आज जर्मनीभर खिडक्या-खिडक्यांतून ही कमान दिसते. तिला शोभेची वस्तू समजून विकत घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की ती दिवसाचा उजेड न मिळालेल्या माणसांनी केलेली उजेडाची मागणी आहे. जर्मन भाषेत श्टोलन या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, खाणीतला बोगदा.

खाणी मंदावल्या तेव्हा या लोकांनी लाकूड हाती धरले. झाइफन हे गाव त्यांत प्रसिद्ध झाले. आपल्याकडचे कातारी लाकूड फिरते ठेवून जसे कातीव काम करतात, तसेच हे. पण झाइफनच्या कातार्‍यांनी एक अजब युक्ती काढली. ओल्या लाकडाची जाड चकती फिरवत ते तिचे गोल कडे कातत. त्या कड्याच्या उभ्या छेदात घोडा, गाय किंवा हत्ती यांचा आकार दडलेला असे. कडे पूर्ण झाल्यावर सुऱ्याने पापुद्रे काढावेत तसे त्याचे तुकडे पाडले, की एकामागून एक डझनावारी जनावरे निघत. कातणाऱ्याला काम करताना आकार दिसतही नसे. तो मनात आणि बोटांत असावा लागे.

अशी कला हाती असूनही ही माणसे गरीबच राहिली. का? कारण माल शहरात आणि परदेशात नेणारा मध्यस्थ व्यापारी वेगळा होता. भाव तो ठरवी. जनावरे स्वस्त, म्हणून अधिक बनवायची. अधिक बनवायची, म्हणून सारे घर कामाला. बाप कातणार, आई कोरणार, मुले रंगवणार. घर हाच कारखाना झाला आणि कारखान्याला घंटा उरली नाही. आमच्या अनुभवात घरी आणून केलेल्या कामाचे हेच दुखणे असते, मग ते विड्या वळण्याचे असो की शिवणाचे. कामाचे तास मोजायला तेथे कोणी नसते.

मुलांची गोष्ट येथे संपत नाही. ड्रेस्डेनच्या बाजारात सुक्या काळ्या आलुबुखारांची एक बाहुली मिळते. डोक्यावर उंच टोपी, खांद्यावर शिडी. नाव फ्लाउमेनटोफेल. ती घरी आणणे शुभ मानतात. ही बाहुली आहे धुराड्यात उतरवल्या जाणाऱ्या पोराची. सॅक्सनीत 1653 सालापासून धुराडी साफ करण्याच्या कामाला लहान मुले लावण्याची मोकळीक होती. अनाथ मुले त्यासाठी सोयीची पडत, कारण अंग बारीक आणि विचारणारे कोणी नाही. सात-आठ वर्षांची पोरे काजळीने भरलेल्या नळांतून आत शिरत. ती पोरे गेली आणि त्यांची गोड बाहुली उरली. ती विकायलाही मुलेच बसत. गरीब घरातली ही मुले थंडीत कुडकुडत आपल्या घरी केलेला माल बाजारात विकत. त्यांना ‘श्ट्रीत्सेलची मुले’ असे नावच पडले होते. लुडविग रिश्टर या ड्रेस्डेनच्या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात त्यांचे चित्र काढले, आणि तेही नाताळच्या सुंदर चित्रांत जाऊन बसले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मुले बाजारातून गेली. जर्मनीत 1903 साली मुलांच्या कामावर निर्बंध घालणारा कायदा झाला. पण त्यात एक खिडकी उघडी होती. परक्याच्या मुलाला बारा वर्षांपर्यंत कामाला लावायला बंदी, तर स्वतःच्या मुलाला दहापर्यंतच. म्हणजे जे घर हाच कारखाना होते, तेथे कायदा हळू आवाजात बोलला. श्रोतेहो, या खिडकीला आपण हसू नये. आपल्या देशात 2016 साली बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात ‘मदत’ करण्यास, तो धोक्याचा नसेल तर, मुभा ठेवली. मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे रात्री दिव्याखाली बसलेल्या पोराला कोण सांगणार?

ज्या चौकात हा बाजार भरतो, त्या चौकाने याहून भयंकर गोष्टही पाहिली आहे. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत इंग्रज व अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बाँबचा वर्षाव केला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या मंडळाने 2010 साली निर्णय दिला, की त्यात जास्तीत जास्त पंचवीस हजार माणसे मेली. पुरायला जागा आणि वेळ नव्हता, म्हणून जवळजवळ सात हजार प्रेते याच आल्टमार्क्ट चौकात जाळण्यात आली. हे युद्ध हिटलरच्या राजवटीने पेटवले होते हे खरे, पण आगीने कोणाला त्याचे मत विचारले नाही. फ्राउएनकिर्खे नावाचे घुमटाचे चर्च तेव्हा कोसळले आणि पंचेचाळीसहून अधिक वर्षे ढिगाऱ्याच्या रूपात पडून राहिले. 1993 साली नाताळच्या दोन दिवस आधी लोक त्या ढिगाऱ्यासमोर उघड्यावर प्रार्थनेला जमले. पुढे दर वर्षी ती प्रथा पडली. 2005 साली चर्च पुन्हा उभे राहिले. घुमटावरचा नवा क्रूस लंडनच्या एका सोनारकाम करणाऱ्या कारागिराने घडवला. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते. बापाच्या हाताने जे घडले ते मुलाच्या हाताने पुसता येत नाही, पण त्याच्याशेजारी दुसरे काही उभे करता येते.

आता शेवटचा मुद्दा, सुटीचा. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार व सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे दिवस म्हणून राखलेले आहेत. ते कलम 1919 च्या घटनेतून आजच्या घटनेत जसेच्या तसे आले. नाताळ आला की दुकानदारीला रविवारही हवा असतो. बर्लिनच्या सरकारने आगमनकाळाचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्चसंस्था न्यायालयात गेल्या. 1 डिसेंबर 2009 रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की असे लागोपाठ चारही रविवार खुले करणे घटनेला धरून नाही. रविवार राखण्याच्या या कामात चर्च आणि कामगार संघटना खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. आपल्याला यात नवल वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही सांगितले होते. 1890 साली ती सुटी मिळाली. देव कोणाचाही असो, थकलेल्या माणसाला एक दिवस हवा असतो.

नाताळच्या बाजारांना मात्र रविवारची सूट असते. पालातल्या माणसाला ते चार आठवडे सुटी नसते. म्हणून या बाजाराच्या वेळापत्रकातली एक ओळ आम्हाला त्यातल्या साऱ्या दिव्यांपेक्षा अधिक आवडते. 24 डिसेंबरला दुपारी बाजार बंद होतो. गिऱ्हाईक असले तरी बंद. पुढचे दोन दिवस सरकारी सुटीचे असतात. त्या दुपारी पालवाला झापे ओढून घेतो, उरलेला माल बांधतो आणि घरी जातो. नाताळ तेव्हा त्याचाही होतो.

तेव्हा उत्सवाला जरूर जावे. श्टोलन खावा, दिव्यांची कमान घरी आणावी, आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदीलही हौसेने लावावा. फक्त वस्तू हातात घेताना एकदा विचारावे, ही कोणी केली, त्याला काय मिळाले, आणि त्याचा सण कधी आहे? ज्या शहरात या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळते, त्या शहराचा उत्सव खरा. ड्रेस्डेनला तेथवर यायला शतके लागली, आणि वाट अजून पुरी संपलेली नाही. आपली तर बरीच उरली आहे.