दोन वेळचं जेवण आणि एक डॉक्टर आमदार

तुमच्या घरी भारतात कोणी ‘दीक्षित’ करतंय का? म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं, मधे चहाबरोबर बिस्कीटसुद्धा नाही आणि रोज ४५ मिनिटं भराभर चालायचं. माझ्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत कोणी ना कोणी हे करून बघितलंय. व्हिडिओ कॉलवर आई-बाबांचं वजन किती उतरलं याची बातमी हवामानाच्या आधी येते.

हे नाव लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. पण ते स्वतःच जाहीरपणे सांगतात की मूळ कल्पना त्यांची नाही, ती त्यांना डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणातून मिळाली. एपिसोडमध्ये हे नाव ओझरतंच आलं. म्हणून इथे जरा थांबूया, कारण हे जिचकार आमदार होते.

त्यांच्याबद्दलचा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल : ‘भारतातला सर्वांत शिकलेला माणूस’. त्यात पदव्यांचा आकडा दर वेळी थोडा वाढलेला असतो. तो मोजण्यात मला रस नाही. खरं सांगायचं तर या फॉरवर्डने जिचकारांचं नुकसानच केलंय, कारण माणसाने केलं काय हा प्रश्न प्रमाणपत्रांच्या ढिगाखाली गाडला गेला.

जन्म १९५४ चा, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडचा. नागपुरात एमबीबीएस, मग एमडी. त्यानंतर कायदा, बरेच एमए, संस्कृत. आधी पोलीस सेवेची आणि मग प्रशासकीय सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाले, दोन्ही सोडल्या आणि १९८० मध्ये काँग्रेसतर्फे काटोलमधून विधानसभेवर निवडून आले. पुढे विधान परिषद, राज्यमंत्रिपद, १९९२ ते १९९८ राज्यसभा. २ जून २००४ ला नागपूरजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

निवडून आले तेव्हा ते २५ वर्षांचे होते आणि राज्यघटनेत विधानसभेसाठी किमान वय २५ च आहे. म्हणजे दार उघडल्या उघडल्या आत. (जपानमध्येही स्थानिक सभेसाठी हेच वय लागतं. मी राहते ते हिगाशी-कसाई ज्या एदोगावा वॉर्डात येतं, तिथून २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. ते डॉक्टर नाहीत, पण इथे मराठी माणूस आणि निवडणूक हे शब्द एकत्र आले की त्यांचं नाव निघतंच.)

आता मुद्द्याची गोष्ट. डॉक्टर खासदार होण्यापेक्षा आमदार होणं जास्त अर्थाचं का असतं? कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने हे सगळं राज्यांच्या यादीत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर आहे की नाही, औषधाला पैसे आहेत की नाही, याचा जाब दिल्लीला नाही, मुंबई-नागपूरच्या सभागृहात विचारायचा. विधिमंडळ काय करू शकतं याचं एक मोठं उदाहरण जिचकार आमदार होते त्याच काळातलं आहे : गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात पहिल्यांदा. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. तो राज्याचा कायदा मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आणि काही डॉक्टरांनी रेटला होता. दवाखान्यात डॉक्टर एका वेळी एकाच पेशंटला ‘नाही’ म्हणू शकतो. कायदा सगळ्या सोनोग्राफी यंत्रांना एकदम म्हणतो.

आणि तरीही लोकांच्या आयुष्यात जिचकार उरले ते एका भाषणामुळे. त्या भाषणाचा गाभा असा : आपण काहीही खाल्लं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, इन्सुलिन जास्त असलं की शरीर चरबी साठवतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा. यातला पहिला भाग पाठ्यपुस्तकातला आहे. ५५ मिनिटांचं गणित मात्र फारच सोपं करून मांडलेलं आहे. त्यात गृहीत धरलंय की एकदा ‘माप’ सुटलं की पुढची ५५ मिनिटं कितीही खा, जादा इन्सुलिन नाही. प्रत्यक्षात किती सुटेल हे तुम्ही काय आणि किती खाल्लं यावर बरंच अवलंबून असतं. मूठभर शेंगदाणे आणि ताटभर जिलबी यांत स्वादुपिंडाला फरक कळतो.

मग वजन उतरतं कसं? बहुतेकदा साध्या कारणाने : दोनदाच जेवलं की एकूण खाणं कमी होतं. चहाबरोबरची खारी, चिवडा, कोणी आलं म्हणून घेतलेला लाडू, हे सगळं आपोआप जातं. चीनमध्ये ग्वांगझौला १३९ जणांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, अर्ध्यांनी त्याशिवाय आठ तासांच्या आतच खायचं बंधन पाळलं. त्या बंधनामुळे वजनात लक्षणीय वेगळा फायदा दिसला नाही. पण नियम लक्षात ठेवायला सोपा असणं हाही गुण आहे, आणि कॅलरी मोजणारे काका मी तरी पाहिलेले नाहीत.

जपानने याच पोटाचा प्रश्न अगदी उलट टोकाने धरला. एप्रिल २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची तपासणी उपलब्ध करून देणं आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहे. कंबरेभोवती टेप लावतात, पुरुषांसाठी ८५ सेंटीमीटर आणि बायकांसाठी ९०. त्यापुढे माप गेलं आणि रक्तदाब, साखर, चरबी यांतही गडबड असली की सल्ल्यासाठी बोलावणं येतं. इथल्या बोलीत याला ‘मेताबो’ म्हणतात, आणि जाड माणसाला दंड होतो हा इंटरनेटवरचा मजकूर खोटा आहे. आर्थिक दबाव असतो तो विमा संस्थेवर. आमच्या वॉर्डातही राष्ट्रीय आरोग्य विमा असलेल्यांच्या घरी त्या तपासणीची सूचना टपालाने येते.

कायदा भाषणापेक्षा बरा, असं इथे म्हणायचा मोह होतो. पण २०२० मध्ये सत्तर हजारांहून जास्त जपानी पुरुषांची माहिती तपासली गेली, तेव्हा या सल्ल्याने वजन अगदी किंचित घटलं आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा दिसली नाही. टेप सगळ्यांपर्यंत पोचली, सवय बदलली नाही. जिचकारांचं भाषण सवय बदलतं, पण ज्यांच्यापर्यंत पोचतं त्यांचीच. आणि ज्याला दुपारचं जेवण शेतात किंवा कारखान्यात मिळेल तेव्हा उरकावं लागतं, त्याने जेवणाच्या वेळा कशा निवडायच्या याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर सभागृहातच शोधावं लागतं.

२०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने डॉ. दीक्षितांना लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेचा चेहरा केलं, तेव्हा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांपैकी अनेकांनी आक्षेप घेतला : पुरेसा पुरावा नसताना सरकारी शिक्का कशाला? मला तो आक्षेप रास्त वाटतो, जरी आक्षेप घेणाऱ्या काहींचा सूर मला आवडला नव्हता. लोकांनी स्वखुशीने करून बघणं वेगळं, सरकारने सांगणं वेगळं.

तुमच्या घरी कोणी हे करत असेल तर पुढच्या कॉलवर एवढं विचारा : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का? असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं झालंय का? जेवण चुकलं आणि गोळी तीच राहिली, तर काही औषधांनी साखर धोकादायक इतकी खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी ५५ मिनिटं विसरायची आणि साखर तोंडात टाकायची, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.