‘फाइल नाही’ म्हणजे नेमकी कोणती फाइल नाही?

गेल्या खेपेला आपण सामायिक लायब्ररी म्हणजे काय ते पाहिलं. अनेक प्रोग्रॅमना लागणारं काम एकाच फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि सगळ्यांनी ती वापरायची. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी ‘लिबसी’ हे त्याचं ठळक उदाहरण. आज प्रश्न असा, की एकाच यंत्रावर दोन जातींचे प्रोग्रॅम नांदत असतील, तर या लायब्ऱ्या ठेवायच्या कुठे?

सुरुवात आमच्याच फजितीपासून करू. निवृत्तीनंतर आम्ही नवा संगणक घेतला आणि त्यावर डेबियन बसवलं. जुन्या संगणकावर आमची वीस वर्षांची टिपणं एका प्रोग्रॅममध्ये होती. तो प्रोग्रॅम आणून चालवला, तर उत्तर आलं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अहो, फाइल तर समोर दिसतेय! तीन-चार दिवस आम्ही टिपणं गेली असंच धरून चाललो होतो.

न्यायदर्शन शिकवताना आम्ही वर्गात नेहमी सांगत असू, की ‘नाही’ एवढं म्हणून भागत नाही. कशाचा अभाव आणि कुठे अभाव, दोन्ही सांगावं लागतं. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. जमिनीवर घट नाही, यात घट प्रतियोगी, जमीन अनुयोगी. संगणकाने आम्हाला प्रतियोगीच सांगितला नव्हता. नव्हता तो प्रोग्रॅम नव्हे, तर त्याला उठवून उभा करणारा ‘लोडर’. त्या लोडरचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिलेला असतो. आमचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा होता आणि नव्या यंत्रावर फक्त ६४ बिटांची व्यवस्था होती.

आता हे घडतं का, ते बघा. २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉन हा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. तो जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅमही तसेच चालवत होता. पण ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला लायब्ररीही ३२ बिटांचीच लागते, एका चालत्या प्रोग्रॅममध्ये सरमिसळ चालत नाही. म्हणजे लिबसी दोन हव्यात, आणि दोघींचं फाइल-नाव एकच! एका डिरेक्टरीत एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत.

पहिला तोडगा रेड हॅट, सुसे वगैरे मंडळींनी स्वीकारला. जुन्यांसाठी ‘/लिब’ आणि नव्यांसाठी ‘/लिब६४’. डेबियनने उलट केलं. ६४ बिटांच्या लायब्ऱ्या ‘/लिब’मध्येच ठेवल्या आणि ३२ बिटांच्या निवडक लायब्ऱ्यांचं एक भलंमोठं गाठोडं ‘आयए३२-लिब्स’ या नावाने दिलं. गाठोड्याची अडचण अशी, की मूळ लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती झाली, तरी गाठोड्यातली प्रत जुनीच राही. ते पुन्हा वेगळं बांधावं लागे.

दोन्ही तोडग्यांत दोष एकच. नाव तुलनेने ठेवलेलं आहे. घरात थोरल्या काकू आणि धाकट्या काकू असतात तोवर ठीक. तिसऱ्या काकू आल्या की पंचाईत. ‘६४’ म्हटल्याने किती बिट ते कळतं, कोणता प्रोसेसर ते कळत नाही. इंटेल-एएमडीचा ६४ आणि आर्मचा ६४ यांच्यात काडीचा संबंध नाही.

म्हणून डेबियन आणि उबुंटूच्या मंडळींनी ‘मल्टिआर्क’ ही रचना आणली. उबुंटूत ती २०११ मध्ये आली, आणि डेबियनच्या २०१३ मधल्या सातव्या आवृत्तीत. तत्त्व साधं, की प्रत्येकीला स्वतःचं पूर्ण नाव. ‘/यूएसआर/लिब’च्या आत ‘एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू’, ‘आय३८६-लिनक्स-ग्नू’, ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू’ अशा डिरेक्टऱ्या. कोणी थोरलं नाही, कोणी धाकटं नाही. चौथा पाहुणा आला तरी कोणाला हलावं लागत नाही. आणि गाठोडं नको. त्याच लायब्ररीचं ३२ बिटांचं पॅकेज थेट बसतं. अट एवढीच, की दोन्ही पॅकेजांची आवृत्ती एक हवी आणि दोघांच्या सामायिक फाइली, उदाहरणार्थ माहितीपत्रकं, अक्षरशः सारख्या हव्यात.

इथे एक बारकावा आहे. हे नाव प्रोसेसरचं नाही, कराराचं आहे. आर्मवर ‘ग्नूएआबी’ आणि ‘ग्नूएआबीएचएफ’ अशी दोन नावं आढळतात. प्रोसेसर तोच असू शकतो. पण दशांश संख्या एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे कोणत्या रजिस्टरमधून द्यायच्या, यावर दोघांचे करार वेगळे. करार वेगळा म्हणून घर वेगळं.

आणि ‘आय३८६’? हा इंटेलचा १९८५ सालचा प्रोसेसर. खुद्द लिनक्सच्या गाभ्याने २०१३ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. आजच्या डेबियनचं ‘आय३८६’ त्या चिपवर चालतच नाही! मग हे नाव खोटं का? जॉन स्टुअर्ट मिलचं उदाहरण आठवा. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमाउथ. नदीने पात्र बदललं, तरी गावाचं नाव बदलायचं कारण नाही. विशेषनाम वर्णन करत नाही, निर्देश करतं. डिरेक्टरीच्या नावाचं कामही तेवढंच.

पण सगळं नीट लावता आलं असं नाही. ६४ बिटांच्या लोडरचा पत्ता ‘/लिब६४’ असाच ठरून गेला होता आणि तो असंख्य प्रोग्रॅमच्या पोटात कोरला गेला होता. म्हणून आजही डेबियनवर त्या एका पत्त्यासाठी ‘/लिब६४’ राखून ठेवावं लागतं. नावं विचारपूर्वक ठेवावीत ती यासाठीच. एकदा दुसऱ्यांनी लिहून घेतली, की ती आपली राहत नाहीत.

आमच्या टिपणांचं काय झालं? एका माजी विद्यार्थ्याने ‘डीपीकेजी’ला ‘आय३८६’ हे आर्किटेक्चर जोडण्याची आज्ञा दिली, यादी ताजी केली आणि ३२ बिटांची लिबसी बसवली. प्रोग्रॅम उघडला, टिपणं जिथल्या तिथे होती. ती आम्ही त्याच दिवशी साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतली. तुमच्याकडेही असं काही जुनं अडकलं असेल, तर ‘नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. आधी विचारा, काय नाही, आणि कुठे नाही?

आज इथेच थांबू.