संगोपनाचे अनुदान आणि पालकाचे उत्पन्न : ‘-ला’ प्रत्ययाचा एक व्यावहारिक प्रश्न

शासकीय मराठीचा अभ्यास आपल्याकडे प्रायः परिभाषेपुरता मर्यादित राहिला आहे. अमुक इंग्रजी संज्ञेस तमुक मराठी शब्द योग्य की अयोग्य, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु एखादा विभक्तिप्रत्यय वाक्यात कोणता संबंध दर्शवितो, यावर एखाद्या घराचे मासिक अर्थकारण अवलंबून असू शकते, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. नातलगांच्या घरी वाढणाऱ्या मुलांसाठी शासन जे अनुदान देते, त्याच्या संदर्भात हा प्रश्न आज स्पष्टपणे उभा राहिला आहे. त्याचे स्वरूप मांडून दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. योजनेचे स्वरूप

आई-वडिलांचे छत्र हरपलेले, किंवा दोघांपैकी एकच हयात असलेले, अथवा आजार, विभक्ती, कारावास अशा आपत्तींमुळे घरी नीट वाढू न शकणारे मूल बालगृहात न धाडता कुटुंबातच वाढावे, या हेतूने महाराष्ट्र शासन बालसंगोपन योजना चालविते. वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत तिचा आधार मिळतो. तिचे आजचे नाव ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ असे आहे. २०२१ पूर्वी या योजनेखाली प्रत्येक मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ही रक्कम ११०० रुपये आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ या योजनेत प्रतिपालन व प्रायोजकत्व यांसाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपयांहून अधिक असता कामा नये, अशी अट आहे.

या सर्वांमागे बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ उभा आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय, हे तत्त्व त्या अधिनियमाने स्वीकारले आहे. तथापि त्यातील प्रतिपालनाची व्याख्या मुलाच्या ‘जैविक कुटुंबाहून अन्य’ अशा कुटुंबाविषयी बोलते. तर विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलाचा उल्लेख प्रायोजकत्वाच्या कलमात येतो. म्हणजे आजी, मावशी, आत्या, काका हे प्रतिपालक की केवळ साहाय्य मिळालेले नातेवाईक, हा प्रश्न व्याख्येपासूनच सुरू होतो. ‘माय मरो, मावशी उरो’ म्हणणाऱ्या समाजाला ही विभागणी अपरिचित आहे. आपल्या भाषेत मावशीच्या घरी वाढणारा भाचा हा भाचाच राहतो; त्याच्यासाठी निराळी संज्ञा घडविण्याची गरज समाजाला कधी भासली नाही.

२. दोन योजनांची गाठ

अशी मुले सांभाळणारी माणसे पुष्कळदा स्वतःच शासकीय साहाय्यावर अवलंबून असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी असलेली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतून २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळू लागले. या दोन्ही योजनांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सामान्यतः २१,००० रुपये आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलुंड येथे राहणारी अडुसष्ट वर्षांची आजी श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये घेते, म्हणजे वर्षाचे १८,०००. तिच्या पदरी अनाथ नातू आहे व त्याला बालसंगोपनाचे २२५० रुपये मंजूर झाले, म्हणजे वर्षाचे २७,०००. ही दुसरी रक्कम ‘कुटुंबाचे उत्पन्न’ या सदरात धरली, तर ती एकटीच २१,००० ची मर्यादा ओलांडते. मग नातवाच्या दुधाचे व वह्यांचे पैसे आले म्हणून आजीच्या औषधाचे पैसे जावयाचे, असा हिशेब होतो. ४२५ रुपयांच्या काळात वर्षाकाठी ५१०० रुपये होत, ११०० च्या काळात १३,२००. हे आकडे एकट्याने मर्यादेला पोचत नव्हते. साहाय्य तुटपुंजे होते तोवर ते उत्पन्न आहे की नाही, हे विचारण्याची निकड नव्हती. रक्कम वाढली आणि मर्यादा होती तेथेच राहिली, त्यातून हा प्रश्न उपजला.

शिधापत्रिकेचेही तसेच आहे. शहरी भागात अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी ५९,००० रुपयांची वार्षिक मर्यादा ठरली आहे. घाटकोपरच्या भटवाडीतील एखाद्या काकाने मृत भावाची दोन मुले घरात घेतली, तर त्यांचे अनुदान वर्षाला ५४,००० होते. ते काकाचे उत्पन्न मानले, तर त्याच्या स्वतःच्या मजुरीसाठी वर्षाला अवघे ५००० रुपये शिल्लक उरतात !

तिसरे उदाहरण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ या २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेचे. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रीस तीत दरमहा १५०० रुपये देण्याची तरतूद झाली. मात्र शासनाच्या इतर विभागांच्या आर्थिक योजनांतून दरमहा १५०० वा त्याहून अधिक रकमेचा लाभ घेणारी स्त्री अपात्र ठरते. अंधेरीतील एखादी मावशी भाच्याच्या २२५० रुपयांमुळे अपात्र ठरविली, तर त्या घरात प्रत्यक्ष भर पडते ती केवळ ७५० रुपयांची. येथे भाषेच्या अभ्यासकाने तीन शब्द तपासावेत. पहिला ‘इतर’ : बालसंगोपन आणि लाडकी बहीण या दोन्ही योजना महिला व बालविकास विभागाच्याच आहेत. दुसरा ‘कुटुंब’ : लाडकी बहीण योजनेने कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले अशी व्याख्या केली आहे, भाचा तीत बसत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘लाभ घेणे’. या क्रियापदाचा कर्ता कोण ? मावशी की भाचा ?

३. धोब्याचे उदाहरण

या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ मराठीच्या चतुर्थीत आहे. ‘भिकाऱ्याला कपडे दिले’ आणि ‘धोब्याला कपडे दिले’ ही दोन वाक्ये रचनेने एकच आहेत. प्रत्यय तोच, क्रियापद तेच. परंतु पहिल्या वाक्यात कपड्यांवरील स्वामित्व भिकाऱ्याकडे जाते. दुसऱ्यात कपडे धोब्याच्या हाती जातात, स्वामित्व मात्र देणाऱ्याकडेच राहते. संस्कृत वैयाकरणांनी या भेदाची चिकित्सा केली आहे. संप्रदान म्हणजे संपूर्णतया देणे, असे मानणाऱ्यांनी धोब्याला संप्रदान म्हणण्याचे नाकारले व त्या ठिकाणी चतुर्थीऐवजी षष्ठीचा प्रयोग योग्य मानला. सर्वच आचार्यांना ही मर्यादा मान्य नाही, हे खरे. तरी देण्याचे हे दोन प्रकार भिन्न आहेत, ही जाणीव परंपरेत स्पष्ट आहे. मराठीत मात्र ‘-ला’ हा एकच प्रत्यय दोन्ही अर्थ वाहतो. अर्थनिश्चिती संदर्भावर सोडलेली असते.

‘पालकाला दरमहा २२५० रुपये दिले जातात’ हे वाक्य आता या कसोटीवर ठेवून पाहावे. पालक येथे भिकाऱ्याच्या जागी आहे की धोब्याच्या ? माझ्या मते तो निःसंशय धोब्याच्या जागी आहे. याची गमके योजनेच्या रचनेतच सापडतात. एक, या योजनेचा लाभार्थी बालक आहे व रक्कम मुलागणिक मोजली जाते. दोन मुले असली तर ती दुप्पट होते, पालकाचे कष्ट दुप्पट झाले की नाही हे कोणी मोजत नाही. दोन, मूल अठरा वर्षांचे झाले की ती थांबते. पालकाची गरिबी मात्र त्या दिवशी संपत नाही. तीन, मूल दुसऱ्या घरी गेले तर अनुदानाचे प्रयोजन मुलाबरोबर जाते. ज्या पैशाचे येणे, वाढणे, थांबणे व स्थलांतर हे सारे मुलाच्या अस्तित्वाला बांधलेले आहे, तो पैसा पालकाचे उत्पन्न म्हणणे अर्थदृष्ट्या टिकत नाही.

कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये ५ लाख रुपयांची मुदत ठेव मुलाच्या नावे ठेवण्याचा निर्णय घेतला. तेथे स्वामित्वाविषयी संदिग्धता नाही, कारण वाक्यातच ‘मुलाच्या नावे’ असे षष्ठ्यन्त पद आहे. मासिक अनुदानाचा हेतू तोच. फक्त ते खर्चासाठी असल्यामुळे मोठ्या माणसाच्या हातून जाते, आणि हातातून जाण्यालाच आपण मिळणे समजतो.

४. अन्यत्रचा अनुभव

अमेरिकेत याच स्वरूपाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इलिनॉय राज्यात एका थोरल्या बहिणीने आपली धाकटी भावंडे सांभाळावयास घेतली असता, ती नातेवाईक आहे या कारणावरून तिला परक्या प्रतिपालकांहून कमी दराने साहाय्य देण्यात आले. ‘मिलर विरुद्ध यूआकिम’ या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने ठरविले की, कायद्यातील ‘प्रतिपालक घर’ या शब्दप्रयोगात नातेवाइकांचे घरही येते. वाद नातेवाइकांच्या योग्यतेचा नव्हता, संज्ञेच्या व्याप्तीचा होता.

ब्रिटनने दुसरी बाजू नियमाने मिटविली आहे. तेथील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या साहाय्याचा हिशेब करताना प्रतिपालनाचा भत्ता पालकाचे उत्पन्न म्हणून धरीत नाहीत. आणि त्याच न्यायाने प्रतिपालित मूलही पालकाच्या मागणीत मोजीत नाहीत. मुलाचा पैसा मोजावयाचा नाही, तर मूलही मोजावयाचे नाही, अशी ही सममिती आहे. आपल्याकडे भय याच्या उलट आहे : मूल कुटुंबात धरावयाचे नाही, पण त्याचा पैसा मात्र कुटुंबात धरावयाचा.

५. उपाय

उपनगर जिल्ह्यात हा प्रश्न कागदोपत्री कसा येतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे या जिल्ह्याचे तीन तालुके असून मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात. उत्पन्नाचा दाखला आणि निराधार अनुदान तहसील कार्यालयाच्या कक्षेत येतात. मुलाचा आदेश बालकल्याण समितीचा आणि अनुदान महिला व बालविकास विभागाचे. एका कार्यालयाने ‘बालकासाठी’ म्हणून लिहिलेली रक्कम दुसऱ्या कार्यालयात ‘कुटुंबास मिळणारी’ होऊन जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

यास्तव अर्ज लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी (आपल्या विभागातील पुष्कळजण हे काम करतात) तीन गोष्टी पाळाव्यात. ही रक्कम कधीही लपवू नये. लपविलेली रक्कम उघडकीस आली म्हणजे युक्तिवादाला जागा उरत नाही. ती पालकाच्या कमाईपासून वेगळ्या ओळीत, ‘अमुक बालकाच्या संगोपनासाठी, बालकल्याण समितीच्या आदेशान्वये’ अशा शब्दांत दाखवावी व आदेशाची प्रत जोडावी. आणि ‘मला मिळतात’ असे न लिहिता ‘बालकाच्या नावे, माझ्या हस्ते खर्चासाठी येतात’ असे लिहावे. ही शब्दांची कसरत नव्हे. वस्तुस्थितीचे ते अधिक यथार्थ वर्णन आहे.

खरा उपाय मात्र नियमकर्त्यांच्या हाती आहे, आणि तो एका वाक्याचा आहे : बालकाच्या संगोपनासाठी दिलेली रक्कम, पालकाची अन्य कोणत्याही योजनेसाठी पात्रता ठरविताना, त्याचे अथवा त्याच्या कुटुंबाचे उत्पन्न वा लाभ म्हणून गणली जाणार नाही. हे वाक्य प्रत्येक संबंधित निर्णयात निःसंदिग्धपणे असले पाहिजे. नातवाला घरी ठेवल्याने आपले निवृत्तिवेतन जाईल, या भीतीने एखाद्या आजीने त्याला बालगृहात पाठविले, तर ज्या हेतूने अनुदान निर्माण झाले त्याच हेतूचा अनुदानाने पराभव होईल. ‘-ला’ प्रत्ययाची संदिग्धता मराठीने शतकानुशतके निभावून नेली, कारण धोब्याला दिलेले कपडे कोणाचे, हे बोलणारा व ऐकणारा दोघेही जाणत होते. शासनाच्या दोन कार्यालयांमध्ये अशी समाईक जाण गृहीत धरता येत नाही. ती लिहूनच ठेवावी लागते.