जुनी फियाट, नवा धंदा: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, पॉलिश सगळ्यात शेवटी



"सर, जुन्या गाड्यांचं रिस्टोरेशन सुरू करायचंय, किती भांडवल लागेल?" गॅरेज लाइनमधली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. मी त्यांना सांगतो, रिस्टोरेशन हा शब्द सध्या बाजूला ठेवा. सुरुवात मेंटेनन्सपासून करा. का, ते आज सविस्तर समजून घेऊ. उदाहरणाला आपली ओळखीची गाडी घेऊ: फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी.

फियाटच का?

ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तीच 'पद्मिनी' नावाने विकली जाऊ लागली आणि २००० च्या सुमारास उत्पादन बंद झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने अनेक वर्षं काढली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पण खासगी गाड्या आजही घराघरांत आहेत. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या वडिलांनी लग्नात घेतलेली. मालक विकायला तयार नाही, आणि गाडीला हात लावणारा मिस्त्री सापडत नाही. तुमचा धंदा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

शिकायलाही ही गाडी सोपी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे कमानी पाटे. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, ग्रीस गन आणि हाताला सवय, एवढ्यावर बरंच काम होतं.

आधी हे समजून घ्या: उभी गाडी जास्त बिघडते

रोज चालणारी गाडी झिजते, उभी गाडी सडते. आपलं बहुतेक गिऱ्हाईक दुसऱ्या प्रकारातलं.

गाडी सहा महिने उभी राहिली की काय होतं? पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसतो. पेट्रोल पंपाचा पडदा कडक होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. आणि उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळंच!

मालक म्हणतो, "मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करतो की!" त्यांना नम्रपणे सांगा, काका, त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त. इंजिन पूर्ण तापत नाही, त्यामुळे तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटर नीट चालवा. गाडी तापेल, ब्रेक लागतील, गिअर फिरतील.

आता इथेच तुमची सर्व्हिस जन्माला येते. मालकाला वेळ नाही, भीती वाटते, म्हणून गाडी उभी राहते. तिची काळजी घेणारा माणूस तुम्ही व्हा.

कामाचा क्रम: थांबली पाहिजे, वळली पाहिजे, चालली पाहिजे

जुनी गाडी हातात आली की नवशिक्या मिस्त्री आधी इंजिन स्टार्ट करायला धावतो. गिऱ्हाईकही त्यावरच खूश होतं. पण चालू झालेली आणि न थांबणारी गाडी म्हणजे अपघात. म्हणून क्रम पाठ करा.

१. ब्रेक

चारही ड्रम उघडा. व्हील सिलिंडरचं रबर बूट मागे सारून बघा, आत ओल दिसली तर तो लीक आहे. मास्टर सिलिंडर आणि रबरी होज पाईप तपासा. होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असू शकतो. मग ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत एकच ब्रेक सर्किट असतं. एका चाकाचा पाईप फुटला तर चारही ब्रेक गेले! म्हणून इथे "चालेल अजून" हा शब्दच नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला आणि हवा नीट काढा.

एक सावधगिरी. जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. कॉम्प्रेसरने फुंकू नका, ओल्या कपड्याने पुसा, मास्क लावा. हेल्परलाही लावायला सांगा.

२. स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर

पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंगपिन-बुश. डावी-उजवीकडे हलवून बघा, टाय रॉडचे एंड कळतील. या गाडीत ठिकठिकाणी ग्रीसचे निपल आहेत. नव्या गाड्यांची सवय असलेल्या मिस्त्रीला ते माहीतच नसतात आणि किंगपिन कोरडा राहून खराब होतो. ग्रीस गनचे पाच झटके पुढचा मोठा खर्च वाचवतात. नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर मोजू नका, कॅलेंडर बघा. सहा महिन्यांतून एकदा ग्रीसिंग.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं होऊन तडकतं. गिऱ्हाईकाला तो आकडा वाचून दाखवा, पुढचं पटवून द्यावं लागत नाही.

३. इंजिन

इंजिनला चार गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं मिश्रण, ठिणगी, कॉम्प्रेशन आणि या तिघांची योग्य वेळ. दोष शोधताना याच यादीने जा. अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर गिऱ्हाईकाचे पैसे आणि तुमचं नाव, दोन्ही जातं.

*ठिणगी:* पॉइंटची फट फिलर गेजने मोजा. ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमीच असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पॉइंटची टाच घासली की फट कमी होते आणि टायमिंगही सरकतं. गाडी गरम झाल्यावर मिसिंग करत असेल तर कंडेन्सर आणि कॉइलवर संशय घ्या.

*पेट्रोल:* आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पद्मिनी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. जुनं रबर, पंपाचा पडदा, पाईप त्यात फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. उपाय साधा: इथेनॉल चालणारे पाईप आणि पडदा टाका, टाकीच्या पुढे फिल्टर लावा, गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. पेट्रोलचा पाईप जुना असेल तर तो आगीला आमंत्रण देतो, हे मालकाला स्पष्ट सांगा.

*कॉम्प्रेशन:* चारही सिलिंडरचे आकडे लिहा. ते एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग-पिस्टनची झीज, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन न उघडता दहा मिनिटांत निदान! याचे पैसे वेगळे घ्या.

*कूलिंग:* हेड ॲल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा जोरात तापली की ते वाकतं, मग लेथवाल्याकडे फेसिंग. रेडिएटर उलट बाजूने पाणी सोडून साफ करा आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरा. अनेक मिस्त्री "गरम होते" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. मूळ दोष तसाच राहतो.

*ऑइल:* अशा इंजिनला सहसा २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० सारखं जाड मिनरल ऑइल मानवतं. किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा बदला. गिअर ऑइल घेताना डब्यावरचा ग्रेड वाचा. काही जीएल-५ ऑइल जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. मॅन्युअलप्रमाणेच घ्या.

४. रंग, क्रोम, सीट कव्हर

हे शेवटी. वरचे तिन्ही झाल्याशिवाय पेंटरला गाडी देऊ नका.

पार्ट कुठून आणायचे?

मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट. मोठ्या बाजारात फिरून दोन-तीन दुकानदारांशी नातं जोडा. टॅक्सीमुळे या गाडीचे पार्ट वर्षानुवर्षं खपले, म्हणून काही माल अजून सापडतो. पण जुन्या साठ्यातला रबरी पार्ट पॅकबंद असला तरी म्हातारा असतो, तो घेऊ नका. चांगला लेथवाला हा तर तुमचा अर्धा पार्टनर. बुश, पिन त्याच्याकडून बनवून घेता येतात.

आता हिशोब

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.

समजा तुम्ही वार्षिक मेंटेनन्सचे १५,००० रुपये घेता. वर्षात चार भेटी, फक्त मजुरी, पार्टचे वेगळे. बारा गाड्या मिळाल्या तर १,८०,००० रुपये. भेटी झाल्या ४८, म्हणजे आठवड्याला साधारण एक. प्रत्येक भेटीला प्रवास, ग्रीस, किरकोळ सामान मिळून १,००० खर्च धरला तर ४८,००० गेले. उरले १,३२,०००. आणि हे तुमचं चालू गॅरेज सांभाळून!

आता रिस्टोरेशन बघा. ठरावीक रकमेत काम घेतलं, अर्धा ॲडव्हान्स मिळाला. गाडी उघडल्यावर तळाचा पत्रा सडलेला निघाला, एक पार्ट दोन महिने मिळाला नाही. गाडी आठ महिने जागा अडवून बसली. जागेचं भाडं महिना ६,००० धरलं तरी ४८,००० त्यातच गेले. ॲडव्हान्स केव्हाच संपला आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय. कौशल्य असूनही गॅरेज अशानेच अडचणीत येतं. रिस्टोरेशन जरूर करा, पण नंतर. आणि कधीही एकरकमी ठरवू नका. टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याचे पैसे आले की पुढचा पाना.

कागद पक्का ठेवा

प्रत्येक गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला पार्ट, कॉम्प्रेशनचे आकडे, फोटो. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्या. मालकाने ब्रेकचं काम नाकारलं तर जॉबकार्डावर तसं लिहून सही घ्या, आणि गाडी रस्त्यावर चालवून देऊ नका, टो करून पाठवा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ब्रेक फेल झालेली गाडी तुमच्या गॅरेजमधून गेली, हे चालणार नाही.

कायद्याचंही थोडं माहीत हवं. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, म्हणजे लग्नाला भाड्याने देणं विसरा. बाकीच्या खासगी गाड्यांना १५ वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण लागतं. तपासणीआधी गाडी तयार करून देणं हीसुद्धा तुमची एक सर्व्हिस होऊ शकते. चालू फी आरटीओतून विचारून मगच गिऱ्हाईकाला सांगा.

या आठवड्याचं काम

तुमच्या भागात फिरा आणि धूळ खात उभ्या असलेल्या पाच जुन्या गाड्या शोधा. मालकाशी बोला. विकत मागू नका, फक्त विचारा, "काका, ही शेवटची कधी चालवली?" मग ब्रेक, टायर आणि पेट्रोल पाईप मोफत तपासून एका कागदावर लिहून द्या. पाचातल्या एकाने जरी "पुढच्या महिन्यात ये" म्हटलं, तर तुमचं पहिलं वार्षिक गिऱ्हाईक मिळालं समजा.

भेटू पुढच्या भागात. कामाला लागा!