व्हॉल्व्ह कुठे निघाला आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गिरीजला आमच्या ओटीवर माझा एक जुना विद्यार्थी येऊन बसला. वसई पूर्वेला त्याचा गाळा आहे. दोन सीएनसी मशीन, एक म्हातारा लेथ आणि सात कामगार, एवढाच पसारा. त्याला दुबईच्या एका व्यापाऱ्याकडून व्हॉल्व्हची ऑर्डर आली होती, चांगली मोठी. पण त्याच्या कस्टम एजंटनं विचारलं, "हा माल स्कोमेटमध्ये येतो का, ते पाहिलंत?" तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. मला म्हणाला, "सर, मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह. त्याला दिल्लीचा परवाना? मी काय बॉम्ब बनवतो का?"

प्रश्न रास्त होता. त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

स्कोमेट ही आपल्या सरकारची यादी आहे. खास रसायनं, जीवजंतू, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. विदेश व्यापार महासंचालनालय ती प्रसिद्ध करतं. यादीतली वस्तू देशाबाहेर पाठवायची तर परवाना लागतो. यादीत तोफा-बंदुका आहेतच, पण त्यांच्याविषयी कुणाला शंका नसते. घोटाळा होतो तो दुहेरी उपयोगाच्या वस्तूंचा. म्हणजे ज्या वस्तू शांततेच्या कामी येतात आणि शस्त्राच्याही.

बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगाईत थायोडायग्लायकॉल नावाचं एक रसायन वापरतात. त्यापासून फार खटपट न करता मस्टर्ड वायू तयार करता येतो, पहिल्या महायुद्धात सैनिकांची कातडी आणि फुप्फुसं जाळणारा. शाईच्या कारखान्याला ते विकणं हा सरळ धंदा आहे. पण शाईचा एकही कारखाना नसलेल्या गावी त्याची पिंपं निघाली, तर?

आता व्हॉल्व्ह. युरेनियम समृद्ध करायचं तर आधी त्याचा फ्लोराइड वायू करतात. हा वायू मोठा खट्याळ. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की आम्ल तयार होतं आणि साधा धातू खाऊन टाकतं. निकेल आणि अॅल्युमिनियम मात्र त्याला दाद देत नाहीत. म्हणून अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांच्या गटानं ठरवलेल्या यादीत असं लिहिलंय की, पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, बेलोनं सीलबंद केलेला आणि अॅल्युमिनियमचा, किंवा ६० टक्क्यांहून जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचा व्हॉल्व्ह नियंत्रणाखाली येईल. माझ्या विद्यार्थ्याचा व्हॉल्व्ह असाच होता. रासायनिक कारखान्यातही तो बसतो, आणि बहुतेक वेळा तिथेच बसतो. पण नुसत्या व्हॉल्व्हकडे पाहून तो कुठे बसणार, हे सांगता येत नाही.

लोखंड आणि लाकूड यांच्या बाबतीतही हेच होतं. धर्मयुद्धांच्या काळात, ११७९ साली, रोमला भरलेल्या धर्मसभेनं फर्मान काढलं होतं की शत्रूला शस्त्रं, लोखंड आणि गलबतांसाठी लाकूड पुरवणाऱ्याला धर्मबहिष्कृत करावं. पुढे ज्या वसईत पोर्तुगीजांनी गलबतं बांधली, तिथल्या माणसाला हे लगेच कळावं. लाकडाचं घरही होतं आणि लढाऊ गलबतही. म्हणजे दुहेरी उपयोगाची कल्पना काही कालची नाही.

माझा विद्यार्थी म्हणाला, "पण मी छोटा माणूस. माझ्याकडून कोण कशाला घेईल?" तेव्हा मी त्याला मलेशियाची हकिगत सांगितली. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' नावाचं जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात वळवून तपासलं गेलं. आत लिबियाला निघालेले सेंट्रिफ्यूजचे हजारो सुटे भाग सापडले. पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांच्या चोरट्या जाळ्याचा तो माल. आणि ते भाग घडवले होते मलेशियातल्या एका यंत्रशाळेनं. तिचं म्हणणं, आम्हाला ऑर्डर दुबईहून आली आणि माल तेल-वायू उद्योगासाठी आहे असं सांगितलं होतं. असल्या जाळ्यांना छोटे गाळेच सोयीचे पडतात. तिथे प्रश्न विचारायला कुणी बसलेलं नसतं.

या प्रकरणानंतर, एप्रिल २००४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १५४० क्रमांकाचा ठराव करून प्रत्येक देशावर अशा निर्यातीला आळा घालण्याचं बंधन टाकलं. आपल्या संसदेनं २००५ साली सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा केला. काही गुन्ह्यांना त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणि त्यातलं एक कलम प्रत्येक निर्यातदारानं ध्यानात ठेवावं. वस्तू यादीत नसली तरी, ती संहारक शस्त्रासाठी जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर ती पाठवणं गुन्हाच. 'यादीत नव्हतं' ही सबब तिथे चालत नाही. शिवाय निर्यात म्हणजे केवळ खोकी नव्हेत. नियंत्रित तंत्रज्ञानाचं ड्रॉइंग ईमेलनं परदेशी धाडलं, तरी ती निर्यातच. हे ऐकून तो जरा दचकलाच. ड्रॉइंगं तर रोजच जातात!

मग तो जे बोलला ते मला महत्त्वाचं वाटतं. त्याचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. "सर, हेच नियम दाखवून अमेरिकेनं आमचं तारापूर अडवलं होतं. बाबा घरी येऊन सांगायचे. आता तेच नियम आपण का पाळायचे?"

आपल्या पालघर जिल्ह्यातलंच हे उदाहरण आहे. १९६३ च्या करारानं अमेरिकेनं तारापूरला दोन अणुभट्ट्या दिल्या आणि तीस वर्षं इंधन पुरवायचं कबूल केलं. १९६९ साली वीज सुरू झाली. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. ते ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं, आणि ती भट्टी कॅनडानं शांततेच्या कामासाठी दिलेली. शिक्षेची झळ मात्र तारापूरलाही लागली. पुरवठादार देशांचा गट त्या स्फोटानंतरच जन्माला आला. अमेरिकेनं १९७८ साली नवा कायदा करून इंधनाची वाट बंद करत आणली. १९८२ मध्ये फ्रान्सनं पुरवठा पत्करला, पुढे चीननं दिलं, २००१ मध्ये रशियानं. दिलेला शब्द मध्येच फिरवणं अन्यायाचंच होतं, असं माझं मत आहे.

अशा नकारांनीच आपण स्वावलंबी झालो, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. ते अर्धं खरं आहे. महासंगणक सहजी मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या चमूनं १९९१ मध्ये 'परम' उभा केला. हे खरंच. पण १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेनं सुमारे दोनशे भारतीय संस्थांवर निर्बंध घातले, तेव्हा किती प्रयोगशाळांची कामं साध्या उपकरणांवाचून खोळंबली असतील, त्याचा हिशेब कुणी अभिमानानं सांगत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव त्या यादीतून निघायला जानेवारी २०२५ उजाडलं.

तरीही मी त्याला म्हटलं, तारापूरचा अन्याय वेगळा आणि तुझा व्हॉल्व्ह वेगळा. तारापूरला माल कुठे जातोय हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. आंतरराष्ट्रीय निरीक्षक तिथे येऊन मोजदाद करत होते. तुझा व्हॉल्व्ह कुठे जातोय, हे तुलाच ठाऊक नाही. आणि आपलं वजनही याच शिस्तीवर वाढलं. २००८ मध्ये पुरवठादार गटानं भारताला सवलत दिली, २०१६ ते २०१८ या काळात क्षेपणास्त्रं, दुहेरी उपयोगाच्या वस्तू आणि रासायनिक-जैविक साहित्य यांवर लक्ष ठेवणाऱ्या तिन्ही गटांनी आपल्याला सभासद करून घेतलं. अणुपुरवठादारांच्या गटात मात्र अजून प्रवेश नाही.

मग आम्ही दोघं अर्जाला बसलो. परवान्याचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो, आणि अनेक खात्यांची मिळून असलेली समिती तो तपासते. त्यातला कळीचा कागद एकच: माल शेवटी वापरणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र. कोण वापरणार, कुठे, कशासाठी, आणि पुढे तिसऱ्याला देणार नाही याची हमी. मधला व्यापारी नव्हे, शेवटचा माणूस. गाळेवाल्यांना या कामात मदत करणारं कुणी वसईत बसलेलं असतं तर बरं झालं असतं. सगळं इंग्रजीत, आणि त्यातही वकिली इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुबईच्या व्यापाऱ्याला तो कागद मागितला. उत्तर आलं, आमचा ग्राहक नाव सांगत नाही, हवं तर आणखी दहा टक्के अॅडव्हान्स देतो. यानं पुन्हा नाव विचारलं. त्यानंतर ईमेल थांबले. तो व्यापारी कदाचित केवळ आपला ग्राहक फुटू नये म्हणून गप्प बसला असेल. धंद्यात तसंही असतं. व्हॉल्व्ह अजून गाळ्यातल्या मांडणीवर आहेत, आणि महागाच्या निकेलचे पैसे त्यात अडकले आहेत.