माइक बंद, कान चालू!

वीकेंडला काय प्लॅन? मॉल, मल्टिप्लेक्स की मरिन ड्राइव्हवर चक्कर? मग त्याच रस्त्याने नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत चला. तिथे एनसीपीए आहे. पण बरेच जण गेटपर्यंत जाऊन थबकतात. ‘हे आपल्यासाठी नाही बुवा!’

मी हिंगोलीचा. आमच्याकडे गणपती असो, दसरा असो की सप्ताह, भोंगा हवाच. आवाज मोठा तर कार्यक्रम भारी! म्हणून मला टाटा थिएटरचं कौतुक जरा जास्तच. १९८० साली सुरू झालेलं हे थिएटर माइकची गरजच पडू नये, या हिशेबाने बांधलंय. आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं काम करणारे हेच ते हॅरिस!

भानगड काय?

आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तो फार घुमला तर द्रुत तानेतले सूर एकमेकांत मिसळतात. अजिबातच घुमला नाही तर गाणं कोरडं वाटतं. सगळी कसरत या दोन्हींमधला तोल सांभाळायची. शिवाय प्रेक्षागृह पंख्यासारखं पसरलेलं. हजारभर खुर्च्या असूनही गायकाचा हात, चेहरा दिसतो. मैफल म्हटली की हे हवंच ना!

शेजारचं जमशेद भाभा थिएटर १९९९चं. उद्‌घाटनाआधीच, १९९७ साली त्याला आग लागली होती. तरी ते पुन्हा उभं केलं. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया इथे वाजवतो.

आता आमच्या गावाकडची गोष्ट. संत नामदेव आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे. औंढा नागनाथाला त्यांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, तेव्हा ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. टाटा थिएटरचं स्टेजही फिरतं बरं का! तेव्हा ‘आपल्यासाठी नाही’ हे डोक्यातून काढा. गाणं कुणाचं, हे गेटवर ठरत नसतं.

पहिल्यांदा जाताय?

- वेळेआधी पोचा. मोबाइल बंद, नुसता व्हायब्रेटवर नको.
- ख्यालाला मनापासून ‘वा!’ म्हणा. सिंफनीत मात्र सगळे भाग संपेपर्यंत टाळ्या राखून ठेवा.
- राग ओळखता येत नाही? हरकत नाही. आधी तानपुरा ऐका, बाकीचं हळूहळू कळतं.