पाऊण तासाचा गडगडाट

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर 'आयर्न मेडन' या इंग्लिश हेवी मेटल बँडचा जागतिक दौरा सुरू झाला. दौऱ्यासाठी त्यांनी बोइंग ७५७ जातीचं अख्खं विमान घेतलं होतं. सुमारे १२ टन वाद्यं आणि यंत्रसामग्री, वादक आणि मदतनीस मिळून सत्तरेक माणसं, आणि वैमानिकाच्या जागी खुद्द बँडचा गायक, ब्रूस डिकिन्सन! ही जाहिरातबाजी म्हणावी तर डिकिन्सन 'अ‍ॅस्ट्रेयस' या विमान कंपनीत रीतसर नोकरी करणारा वैमानिक होता. संध्याकाळी हजारोंसमोर बेंबीच्या देठापासून गायचं आणि पुढच्या मुक्कामाला सगळ्यांना आपणच उडवत न्यायचं. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम झाले, सुमारे ८० हजार किलोमीटर अंतर कापलं गेलं. २००९ च्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात हे सगळं पाहायला मिळतं.

मेटल संगीताचा उगम साधारणपणे १९७० साली बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या अल्बमपासून मानतात. त्या संगीताबद्दल आणि ते वाजवणाऱ्या लांब केसांच्या मंडळींबद्दल आपल्याकडे पुष्कळ समज आहेत: दारू, धिंगाणा, दुपारी बारापर्यंत झोप. प्रत्यक्षात दौऱ्यावरचा मेटल वादक मुख्यतः हमाल असतो आणि घड्याळाचा गुलाम असतो. स्वतःचं विमान एखाद्यालाच लाभतं. बाकीचे बसने जातात, व्हॅनने जातात, आणि भारतात असतील तर स्लीपरच्या डब्यात गिटार पोटाशी धरून झोपतात.

युरोपातल्या मध्यम दर्जाच्या दौऱ्याचा दिवस बघा. सकाळी बस कुठल्याशा शहरातल्या क्लबच्या मागच्या दाराशी उभी राहते. दुपारी सामान उतरवायचं: अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरच्या पेट्या, ड्रम, केबलींच्या ट्रंका. मग साऊंडचेक, तोही उलट्या क्रमाने. शेवटी वाजवणारा मोठा बँड आधी तपासणी उरकतो आणि सर्वांत आधी वाजवणारा छोटा बँड सगळ्यांच्या मागून, म्हणजे त्याचं सामान रंगमंचावर पुढेच राहतं आणि दारं उघडल्यावर लगेच सुरुवात करता येते. आधीच्यांची तपासणी लांबली तर या छोट्या बँडच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. मग वाट पाहणं. मग अर्धा-पाऊण तास वादन. लगेच पंधरा-वीस मिनिटांत सामान हटवून पुढच्यांना जागा करून द्यायची, आणि मध्यरात्री सगळं पुन्हा बसच्या पोटात भरायचं.

नारायणगावला राहुट्या टाकून जत्रांच्या सुपाऱ्या घेणारे तमाशाचे फड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतो तेव्हा ट्रकमध्ये तंबू, वाद्यं, पेटारे आणि माणसं अशी सगळी दुनिया असते. पहाटे वग संपतो, सकाळी पुढचं गाव. फरक इतकाच की युरोपातल्या बसला कायद्याचा लगाम आहे. तिथल्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबलंच पाहिजे, आणि दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदा दहा तासांची सवलत. त्यामुळे दौऱ्याचा नकाशा आखताना गिटारवादकाची झोप कुणी विचारात घेत नाही, चालकाची घ्यावीच लागते.

या बसमध्ये बारा ते सोळा बर्थ असतात, दोन किंवा तीन मजली, पडदा ओढून घेतला की आपली खोली. निजायचं ते पाय गाडीच्या तोंडाकडे करून. अचानक ब्रेक लागला तर मान मोडण्यापेक्षा पाय ठेचलेले बरे, हा त्यामागचा रोखठोक हिशेब. बसमधलं शौचालय फक्त लघवीसाठी; हा नियम मोडणाऱ्याला उरलेल्या दौऱ्यात कुणी सुखाने जगू देत नाही. बसचा धोकाही खरा आहे. २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये 'मेटॅलिका'ची बस उलटली आणि बासवादक क्लिफ बर्टन दगावला. वय २४. कुठल्या बर्थवर कुणी झोपायचं यासाठी त्या रात्री पत्ते काढले होते आणि बर्टनला इस्पिकचा एक्का आला होता.

आता हाच वादक म्हैसूरच्या नजरबादमधून निघाला आहे असं धरू. सामान बांधून नेणं आणि परत आणणं या वस्तीला नवीन नाही: टिपू सुलतानाने म्हैसूरचा किल्ला पाडून त्याचे दगड इथे नवा किल्ला बांधायला आणले, आणि १७९९ मध्ये टिपू पडल्यावर तेच दगड पुन्हा म्हैसूरला वाहून नेले. आपल्या गिटारवाल्याला मात्र आधी बंगळूर गाठावं लागतं, सुमारे १४५ किलोमीटर, आणि विमानतळ त्या शहराच्याही पलीकडे, देवनहळ्ळीला. कर्नाटक परिवहनची 'फ्लायबस' थेट तिथे नेते. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान फुकट, आणि कडक पेटीतली एक गिटारच त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा खाते. रेल्वे जास्त उदार: स्लीपरला ४० किलो. ड्रमवादक अख्खे ड्रम नेतच नाही. स्नेअर, झांजा आणि पायाने मारायचं पेडल तेवढं सोबत, बाकी ड्रम आयोजकांनी पुरवायचे.

या गिटारीतही म्हैसूरच्या परिसराचा अंश असू शकतो. पश्चिम घाटातला शिसव म्हैसूरच्या जडावकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तोच शिसव जगभरच्या गिटारींच्या मानेवर, बोटं फिरतात त्या पट्टीसाठी वापरला जातो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या डाल्बर्जिया प्रजातीतली झाडं वन्यजीव व्यापाराच्या 'साइटीस' करारात आली आणि गिटारींच्या व्यापाराला परवान्यांचं शुक्लकाष्ठ लागलं. दौऱ्यावरचे वादकही धास्तावले. पट्टी नेमक्या कोणत्या लाकडाची हे सीमेवर कसं सिद्ध करायचं? नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. पण दुसरं एक बाड सुटत नाही, ते म्हणजे एटीए कार्नेट. भारतात ते 'फिक्की' ही संस्था देते. नेत असलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, क्रमांक, वजन आणि किंमत त्यात लिहायची, आणि जाता-येता सीमाशुल्क खात्याचा शिक्का घ्यायचा. मुदत एक वर्ष. एखादं पेडल परत आणायचं राहिलं तर ते तिथे विकलं असं धरून शुल्क मागता येतं.

तरीही भारतीय बँड जातात. बंगळूरचा 'क्रिप्टॉस', स्थापना १९९८, जर्मनीतल्या वाकन महोत्सवात २०१३ आणि २०१७ साली वाजवून आला. वाकन हे दोनेक हजार वस्तीचं गाव. उत्सवाच्या दिवसांत तिथे पाऊण लाखाच्या आसपास माणसं चिखल तुडवतात. पंढरपूर पाहिलेल्याला गर्दीचं काय कौतुक, पण गाव आणि गर्दी यांचं हे प्रमाण थक्क करणारं आहे. दिल्लीचा 'ब्लडीवूड' २०१९ मध्ये तिथे पोचला तो ढोल घेऊन.

एवढ्या धावपळीत शरीर टिकवणं ही वेगळीच साधना. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि मेटलचा रंगमंच सहज त्याच्या वर असतो. म्हणून जाणते वादक कानात बोळे किंवा इअरफोन घातल्याशिवाय उभेच राहत नाहीत. मानेचं दुखणं आणखी विचित्र. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तालावर डोकं झटकण्याचा अभ्यास छापला. अशा गाण्यांची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोक्यांची, आणि त्या लयीत मान ७५ अंशांहून जास्त हलली तर मेंदूला सौम्य इजा संभवते, असा त्यांचा निष्कर्ष. विनोदी वाटतं, पण 'स्लेयर'चा गायक टॉम अराया याच्या मानेवर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याला डोकं झटकणं कायमचं सोडावं लागलं.

उरला पैशांचा प्रश्न. मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळावं म्हणून छोट्या बँडलाच अनेकदा पैसे मोजावे लागतात. ते भरून निघतात मुख्यतः टी-शर्टांवर, म्हणून वादन संपलं की घामाने निथळणारा गिटारवादक पाच मिनिटांत विक्रीच्या टेबलामागे उभा असतो, सुट्टे मोजत. शिवाय शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ब्रिटनचा व्हिसा निराळा, त्याची फी निराळी. भारतातल्या बहुतेक मेटल वादकांना त्यामुळे घरी दुसरा धंदा लागतोच. मुंबईच्या 'डिमॉनिक रेझरेक्शन'ला २०१० मध्ये लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार मिळाला. त्याचा गायक साहिल माखिजा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' चालवतो. तिथे तो कमी कर्बोदकांचे, कीटो पद्धतीचे पदार्थ शिकवतो, आणि ते शिकणाऱ्या कित्येक प्रेक्षकांनी मेटलचं एकही गाणं ऐकलेलं नसतं.